आतून आवाज येत नव्हता

अहवाल चार पानांचा होता. शिक्षा ठोठावण्यापूर्वी आरोपीचे घर, त्याचे बालपण आणि त्याचा स्वभाव यांची माहिती न्यायाधीशांना मिळावी म्हणून न्यायालय एक अधिकारी नेमते. त्या अधिकाऱ्याने तो लिहिला होता. आरोपी तिचा धाकटा भाऊ होता. 'वाचून पाहावे, काही चुकले असल्यास दुरुस्त करावे आणि सही करून उद्या सायंकाळपर्यंत पाठवावे', अशी चिठ्ठी पहिल्या पानाला टाचलेली होती.

मुद्रणालयातल्या आपल्या टेबलाशी बसून तिने सवयीने पेन्सिल उचलली. सव्वीस वर्षे ती येथे मुद्रिते तपासत होती. पहिल्या पानावर दोन चुका सापडल्या, दुसऱ्यावर एक. तिसऱ्या पानावर मात्र एकही चूक नव्हती, आणि पेन्सिल तेथेच थांबली.

'आरोपीचे वडील नामांकित मुद्रितशोधक होते. ते शिस्तीचे होते. त्यांनी मुलांवर कधी हात उगारला नाही. घरात कशाची उणीव नव्हती. आईच्या अकाली निधनानंतर थोरल्या बहिणीने आरोपीला सांभाळले. बालपण सामान्य.'

शेवटचे दोन शब्द अधिकाऱ्याचे होते. बाकीचे सारे तिचे होते. गेल्या आठवड्यात तो घरी आला असता तिनेच ते सांगितले होते, आणि सांगताना तिचा स्वर जराही कापला नव्हता.

"बाई, सरकारी कागदातसुद्धा चुका काढता?" यंत्रावर काम करणारा म्हातारा चहाचा पेला ठेवीत म्हणाला. "उद्या स्मशानातल्या पाट्या तपासायला जाल. जपून हं, चूक दुरुस्त केलीत तर गेलेला माणूस परत यायचा!"

ती हसली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावरच्या तसबिरीकडे पाहून नेहमीप्रमाणे हात जोडले आणि तो निघून गेला. तसबिरीत तिचे वडील होते. जाड चष्मा, मिटलेले ओठ, कानामागे पेन्सिल. खाली लिहिले होते की यांच्या हातून गेलेल्या एकाही ग्रंथाला शुद्धिपत्र जोडावे लागले नाही. ते खरेच होते. या एका वाक्याच्या पुण्याईवर तिला ही नोकरी लागली होती. तिने लग्न केले नाही, मैत्रिणी जमवल्या नाहीत. लोक तिला ओळखत ते नानांची मुलगी म्हणून. तिच्यापाशी मिळकत म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

भावाचा गुन्हा असा. सुटीच्या दिवशी भर दुपारी तो आणि त्याचे दोन साथीदार तांब्याच्या तारेच्या गोदामात शिरले. म्हाताऱ्या पहारेकऱ्याला भावाने मागच्या कोठीत घातले आणि बाहेरून कडी लावली. मारले नाही, बांधले नाही, पाण्याची बाटलीही आत ठेवली. माल भरून झाल्यावर साथीदार निघाले, तेव्हा तो एकटा मागे फिरला, कोठीच्या दाराला कान लावून उभा राहिला, आणि कडी न काढताच परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तेव्हा पहारेकरी मरून पडला होता. पोलिसांनी भावाला विचारले, की अरे, कान लावलास, मग दार का उघडले नाहीस? तो म्हणाला, "आतून आवाज येत नव्हता, म्हणून तो ठीक आहे असं वाटलं."

वर्तमानपत्रांनी हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापले. अशा निर्दय माणसाला जन्मभर आत ठेवावे, असे सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितले. वाक्य वाचून सगळ्या गावाच्या अंगावर काटा आला. एकट्या तिला ते वाचताना काहीही वावगे वाटले नव्हते, आणि याच गोष्टीची भीती आता तिच्या मनात हळूहळू पाय रोवू लागली होती.

*

नाना घरीही काम आणीत. त्या काळी मजकूर प्रथम लांबच लांब पट्ट्यांवर छापून येई. त्या पट्टीला गॅली म्हणत. मूळ हस्तलिखित कुणीतरी मोठ्याने वाचायचे आणि नानांनी गॅलीवर नजर ठेवून चुका टिपायच्या, अशी कामाची रीत होती. आई गेल्यावर वाचण्याचे काम तिच्याकडे आले. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि धाकटा सहा. शब्दांबरोबर विरामचिन्हेही उच्चारावी लागत. स्वर वर-खाली झालेला नानांना खपत नसे. भावनेने वाचले की चूक लपते, असे ते म्हणत.

बैठकीला लागूनच कागदाची खोली होती. तिला खिडकी नव्हती. धाकट्याने काही सांडले, काही मोडले, काही विचारायचे नव्हते ते विचारले, की नाना त्याला तेथे जाऊन बसायला सांगत आणि बाहेरून कडी लावीत. हात उगारीत नसत, आवाजही चढवीत नसत. "दोन गॅल्या," एवढेच म्हणत. म्हणजे दोन गॅल्या वाचून होईपर्यंत.

आतून आवाज आला, तर नाना मान वर न करता एक बोट उचलीत. एक बोट म्हणजे आणखी एक गॅली. हुंदका आला, बोट. दारावर थाप पडली, बोट. ती वाचत राही. एकदा भाऊ लवकर सुटावा म्हणून तिने घाईने वाचले आणि एक ओळ गाळली. नानांच्या लक्षात ती तत्क्षणी आली. त्यांनी तिला काहीच केले नाही; शांतपणे दोन बोटे उचलली. त्यानंतर तिने कधी घाई केली नाही.

धाकटा हळूहळू शिकला. एका वर्षात आतून येणारा आवाज पार बंद झाला. दार उघडल्यावर तो हसत बाहेर येई, कारण रडवेला चेहराही नाना आवाजातच धरीत. "शहाणा झाला," ते समाधानाने म्हणत. आणि खरे सांगायचे तर तिलाही हायसे वाटे. आत शांतता आहे, म्हणजे सारे ठीक चालले आहे, म्हणजे तो लवकर बाहेर येईल. त्या घरात शांततेचा दुसरा अर्थच नव्हता.

तेराव्या वर्षी तो पळाला. पुढे सुधारगृह झाले, किरकोळ चोऱ्या झाल्या, तुरुंगाच्या फेऱ्या झाल्या. नाना गेले तेव्हा तो आत होता. कुणाच्या नशिबी काय लिहिलेले असते कोण जाणे, असे नातेवाईक म्हणाले; पोटचा दिवटा निघाला, असेही म्हणाले. तिने दोन्ही वेळा मान डोलावली होती.

*

त्या दिवशी दुपारी तुरुंगात भेटीची वेळ होती. अहवाल पिशवीत घालून ती गेली. जाळीपलीकडे तो येऊन बसला. बेचाळिसाव्या वर्षीच त्याचे केस पांढरे झाले होते.

"ताई, वाळलीस गं. प्रेसवाले हल्ली कागदही खायला देत नाहीत वाटतं."

"तू मात्र सुटलायस."

"फुकटचं जेवण आहे बाबा, नावं ठेवू नये." तो हसला. हसणे त्याला नेहमीच फार लवकर येई.

तिने पिशवी मांडीवर घेतली. मग विचारले, "पोलिसांना असं का सांगितलंस?"

"कसं?"

"आवाज नव्हता म्हणून ठीक वाटलं, असं."

"मग काय सांगणार? तसंच वाटलं."

"अरे, पण आतला माणूस बेशुद्ध असेल, तर आवाज कुठून करील?"

एखाद्या हुशार मुलीने साधा हिशेब चुकवावा, तसे त्याने तिच्याकडे पाहिले. "अगं, माणूस ओरडला की त्याचं थांबणं वाढतं. हा ओरडत नव्हता, गप्प होता. म्हटलं, म्हातारा शहाणा आहे, निभावून नेईल. मला उलट बरंच वाटलं."

"वकिलाला सांगितलंस हे?"

"त्यात काय सांगायचंय? एवढं कुणालाही कळतं."

"सगळ्यांना नाही कळत," ती म्हणाली. "सगळ्यांच्या घरी तसं नसतं."

"हो, ते खरं. सगळ्यांच्या नशिबी नानांसारखा विद्वान बाप कुठून असणार!" तो पुन्हा हसला, आणि त्या हसण्यात तिळमात्र उपरोध नव्हता.

तेव्हा तिला कळून चुकले. तीस वर्षांत, सुधारगृहात, तुरुंगात, रस्त्यावर, कुणीही त्याला सांगितले नव्हते की मुलांना असे कोंडून ठेवीत नाहीत. आपल्यावर काही अन्याय झाला, हे त्याला ठाऊकच नव्हते. मग तो कोणाला सांगणार होता? हे जाणणारे जगात एकच माणूस उरले होते, आणि त्याने 'घरात कशाची उणीव नव्हती' असे सांगितले होते.

"मी त्या साहेबांना कागदाच्या खोलीबद्दल सांगते," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले गेले नाही. पण ते जागच्या जागी गोठले. "नको."

"शिक्षा कमी होईल, बाळा. लोकांना वाटतंय की तू जाणूनबुजून..."

"नानांना मध्ये आणू नकोस. चोर मी आहे, ते नव्हते. मेलेल्या माणसाला कोर्टात उभं करतेस? आणि तूही तिथंच होतीस ना? तुला बरी काही अडचण आली नाही!"

त्यापुढे तो बोलला नाही. भेटीची अजून दहा मिनिटे उरली होती. तो हात मांडीवर ठेवून, ताठ बसून, मंद हसत समोर पाहत राहिला. बसण्याची ही रीत तिच्या ओळखीची होती.

*

दुसऱ्या दिवशी सही न केलेला अहवाल घेऊन ती अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली. खोलीत फायलींचे ढीग होते आणि पाहुण्यांसाठी एकच खुर्ची. अधिकारी पन्नाशीचा होता, मृदू बोलणारा, थकलेला.

"चुका खूप निघाल्या का हो?" तो ओशाळून म्हणाला. "माझं शुद्धलेखन पहिल्यापासून कच्चं. मास्तर म्हणायचे, तुझी वही म्हणजे गोवर आलेलं मूल."

"तिसऱ्या पानावर एक मोठी चूक आहे," ती म्हणाली. "ती माझी आहे."

त्याने चष्मा काढला. तिने वडिलांच्या शिस्तीविषयी बोलायला सुरुवात केली तेव्हा तो समजुतीने म्हणाला, "अहो, छडी आमच्याही घरी होती. छडी लागे छमछम म्हणतच वाढलो सगळे. त्याला काही कोर्ट..."

"छडी नव्हती. नानांनी आम्हाला कधी बोटसुद्धा लावलं नाही. ते तुम्ही बरोबर लिहिलंय."

मग ती वाचल्यासारखी सलग बोलत गेली. कडी, गॅल्या, उचललेले बोट. धाकटा सात वर्षांचा असताना, अंगात ताप असताना, त्याला एकामागून एक अकरा गॅल्या झाल्या, तेही तिने सांगितले. सहाव्या गॅलीपर्यंत तो दार वाजवीत होता. मग आवाज थांबला. "मला बरं वाटलं," ती म्हणाली. "पुढच्या पाच गॅल्या मी सुखानं वाचल्या. दार उघडलं तेव्हा तो कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये पडला होता, डोळे पांढरे झाले होते. नानांनी तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय केलं असेल त्यानं, तर तो हसला."

अधिकाऱ्याने अहवालाचे तिसरे पान पुढे ओढले. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, वडील कसे होते. लोक सांगतात तसे मी सांगितले."

"हे न्यायालयात सर्वांदेखत सांगावं लागेल. तुमच्या वडिलांचं नाव..."

"माहीत आहे."

त्याने 'बालपण सामान्य' ही ओळ खोडली. ती इतकी वर्षे ओळी खोडीत आली होती; परंतु या एका ओळीवर रेघ ओढली जाताना तिला खाली पाहावे लागले.

*

सुनावणीच्या दिवशी न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी एक बाई येऊन बसली. हातातल्या पिशवीची नाडी ती सारखी गुंडाळीत होती.

"तुम्ही त्याची बहीण ना? मी पहारेकऱ्यांची मुलगी."

ती बाकावर थोडी सरकली.

"बाबांना दमा होता," बाई म्हणाली. "दम लागला की आवाज फुटायचा नाही त्यांचा. आमच्या घरी नुसतं भांडं पडलं ना, तरी आम्ही सगळे धावायचो. बाबा हसायचे, म्हणायचे, अरे, मांजर होतं. तरीपण धावायचो." तिने नाडी सोडली. "तेवढंच सांगायचं होतं." आणि ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून बहिणीने सर्व सांगितले. न्यायाधीश ऐकत होते. लघुलेखक लिहीत होता. आरोपीच्या कठड्यात भाऊ मंद हसत समोरच्या भिंतीकडे पाहत होता. मागच्या बाकावर मुद्रणालयातला म्हाताराही येऊन बसला होता, आणि नानांचे नाव आले तेव्हा त्याने मान खाली घातली, ती वर केली नाही.

सरकारी वकील उठले. ते सभ्यपणे बोलले. "बाई, तुम्हीही त्याच घरात वाढलात. त्याच वडिलांच्या हाताखाली. आज तुम्ही एक प्रतिष्ठित नागरिक आहात. मग दोष बालपणाचा कसा?"

"मी दाराच्या बाहेर होते, साहेब."

"म्हणजे तुम्हाला काही झालं नाही."

तिने विचार केला. कामाच्या जागी कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडून निघाली. "गेल्या वर्षी आमच्याकडे कागद कापताना एका बाईची बोटं यंत्रात गेली. ती किंचाळली. सगळे धावले. मी हातातलं पान पुरं केलं आणि मग उठले. मला कळतही नव्हतं की मी वाचतेय." ती थांबली. "मला काय झालं, ते मला ठरवता येत नाही. पण तो जे म्हणाला ना, आवाज नव्हता म्हणून ठीक वाटलं, ते त्यानं निर्दयपणानं म्हटलेलं नाही. आमच्या घरात ते खरं होतं. त्यानं त्या माणसाला मारायचं ठरवलं नव्हतं. एवढंच मला सांगायचं आहे. त्या माणसाचा जीव गेला, ते काही यामुळे कमी होत नाही."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि आरोपीकडे पाहिले. शिक्षेविषयी काही म्हणायचे आहे का, असे त्यांनी विचारले, आणि विचारताना त्यांचा स्वर पहिल्यापेक्षा मवाळ झालेला सर्वांनाच जाणवला.

भाऊ उभा राहिला. त्याने दोन्ही हात कठड्यावर नीट ठेवले.

"साहेब, ताई मला सोडवायला खोटं बोलतेय," तो म्हणाला. "तिची चूक नाही, जीव आहे तिचा माझ्यावर. पण तसली काही खोली आमच्या घरात नव्हती. आमचे वडील देवमाणूस होते. कुणालाही विचारा."

त्याच्या वकिलाने खाली बसण्याची खूण केली. त्याने ती पाहिली नाही. न्यायाधीशांनी एकदा बहिणीकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिले, आणि मग बराच वेळ ते लिहीत राहिले. बहिणीच्या कथनाला दुसरा आधार नाही आणि स्वतः आरोपी ते नाकारतो, या परिस्थितीत त्याचा विचार करणे न्यायालयाला शक्य नाही, असे त्यांनी वाचून दाखवले. शिक्षा चौदा वर्षांची झाली.

बाहेरच्या ओट्यावरून पोलीस त्याला नेत होते तेव्हा ती भिंतीशी उभी होती. तिच्यापाशी येताच त्याची पावले मंदावली. पोलिसानेही, कदाचित दयेने, त्याला घाई केली नाही.

"सगळ्यांसमोर कशाला बोललीस गं, ताई?" तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "मी पाच गॅल्यांपर्यंत मोजलं होतं त्या तापाच्या दिवशी. पुढचं मला आठवत नाही. पण हे काय बाहेर सांगायचं असतं का? आणि आता भेटायला येऊ नकोस."

तो जिना उतरून गेला. ओट्यावर पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. माणसे उठली, दुसरी येऊन बसली. पहारेकऱ्याची मुलगी जाताना तिच्यासमोर थोडी थांबली आणि पुढे गेली. म्हातारा यंत्रवाला केव्हाच निघून गेला होता. उद्या सकाळी मुद्रणालयात जायचे, त्या तसबिरीखाली बसायचे, हे तिला आठवले; आणि आपल्याशी तेथे कुणी बोलेल की नाही, याचा विचार करण्याइतकेही बळ तिच्यात उरले नव्हते.

अधिकारी फाइल काखेत मारून जवळ आला. "वाईट वाटलं हो," तो म्हणाला. "वरच्या न्यायालयात दाद मागता येईल म्हणा. पण त्यानं स्वतःच नाही म्हटलंय." मग चाचरत विचारले, "जाताना काही बोलला वाटतं?"

सांगितले, तर भावाची भेट कायमची तुटणार होती. न सांगितले, तर तो न्यायालयात म्हणाला तेच सत्य म्हणून उरणार होते. तिने जिन्याकडे पाहिले. जिना रिकामा होता.

"बोलला," ती म्हणाली. "कागद आहे ना तुमच्याकडे? पोलीसही शेजारी होता, त्यालाही विचारा. सांगते ते लिहून घ्या."